पेटीतला सहा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळे घड्याळताई म्हणत. तिचं खरं नाव विचारलं तर शेजारचा शिंपीसुद्धा क्षणभर डोकं खाजवी. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे अंग चोरून बसलेली एक खोली. पुढे काच, काचेमागे टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा आणि दिव्याखाली एका डोळ्याला भिंग लावून बसलेली ताई. खुर्ची तिच्या वडलांची, अण्णांची. खुर्चीच्या हातावर अण्णांच्या कोपराने खळगा पडलेला होता आणि ताईचं कोपर त्यात नेमकं बसे.

सकाळी दुकान उघडलं की ती टेबलापुढे उभी राहून हात जोडी. "देवा, आज कुणाची वस्तू माझ्या हातून बिघडू देऊ नकोस." एवढंच मागणं. मग कामाला लागायची. घड्याळातला एखादा भाग बदलला तर जुना, झिजलेला भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही अण्णांची रीत होती. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, हे भंगार घेऊन मी काय करू?" ताई म्हणे, "टाकून द्या. पण तुमचं आहे, तुम्हीच टाका." त्या पुडीवर दुकानाचं नाव चाललं होतं. माणसं गेलेल्या नवऱ्याचं, आईचं घड्याळ तिच्या हातात ठेवून निर्धास्त घरी जात, पावतीसुद्धा मागत नसत.

तिचा दुसरा जीव होता बॅकगॅमनमध्ये. वाचनालयाच्या मागच्या दालनात दर रविवारी सकाळी पट मांडले जात. पटावर चोवीस टोकदार घरं, दोघांच्या पंधरा पंधरा सोंगट्या, दोन फासे. फाशांवर जेवढं पडेल तेवढं पुढे सरकायचं, वाटेत एकटी सापडलेली सोंगटी मारायची आणि ज्याच्या सोंगट्या आधी बाहेर पडतील तो जिंकला. दोन्ही फासे सारखे पडले की दुप्पट चाल मिळते. म्हणजे दोन सहा पडले की हरणाऱ्याच्या अंगातही बळ येतं.

त्या दालनात एक रिवाज होता. पट वाचनालयाचा, फासे मात्र ज्याचे त्याने आणायचे. दुसऱ्याच्या फाशांना हात लावायचा नाही. कुणी कुणाचा दात घासायचा ब्रश मागतं का? तसंच ते. हा रिवाज कुणी घातला ते कुणाला आठवत नव्हतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

खिडकीजवळची खुर्ची जिंकणाऱ्याची. त्या खुर्चीवर अण्णा हात थरथरायला लागेपर्यंत बसले. वरच्या भिंतीवर त्यांचा फोटोही लागला. त्यांच्यानंतर ती खुर्ची ताईकडे आली. अण्णांचे फासे हाडाचे होते, जुन्या दातांसारखे पिवळट, कोपरे गुळगुळीत झालेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी कातडी पिशवीतून काढून ते तिच्या तळहातावर ठेवले होते. "हे सांभाळ. दुसऱ्या फाशांनी खेळू नकोस." ताईला तेव्हा रडू फुटलं होतं. बापाने आपल्याला जीव काढून दिला, असं तिला वाटलं होतं.

गोष्ट बिघडली ती पोस्टमास्तरांमुळे. मास्तर निवृत्त होऊन वडिलांच्या घरी परत राहायला आले होते. त्यांचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते आणि एके काळी दर रविवारी अण्णांसमोर पटाला बसणारे. मास्तर नोकरीच्या गावी पट शिकले होते आणि चांगला खेळत. त्या रविवारी तर त्यांनी ताईला पार कोंडीत धरलं होतं. शिंपी म्हणाला, "ताई, आज खुर्ची रिकामी करायची तयारी ठेवा. मी फडका आणू का पुसायला?" ताईने चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवले आणि पटावर टाकले. सहा, सहा. पुढच्या खेपेला पुन्हा सहा, सहा. डाव फिरला.

मास्तर उठून उभे राहिले. "ताई, तुमचं मनगट जरा जास्तच शहाणं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हवा तेव्हा सहा पडतो. तुमच्या वडलांचंही असंच पडायचं. मी लहानपणी इथे कोपऱ्यात बसून पाहिलंय. पेला कसा वळवायचा ते घरातून शिकवलेलं दिसतंय."

शिंप्याच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. ताईला वाटलं, कुणीतरी भर रस्त्यात आपल्या कानशिलात मारली. ती एवढंच म्हणाली, "मास्तर, माझ्यावर काय बोलायचं ते बोला. अण्णांचं नाव घेऊ नका."

घरी आल्यावर वहिनीने तिचा चेहरा पाहिला आणि सगळं काढून घेतलं. भाऊ कामासाठी परगावी असे, मुलं शिकायला बाहेर. घरात या नणंद-भावजयाच. वहिनीची जीभ कात्रीसारखी. "पत्रांवर शिक्के मारून मारून शिक्के मारायची सवयच लागलीय मेल्याला! आता माणसांवर मारत सुटलाय."

"हसू नकोस गं. दुकानाचं काय होईल?"

"काही होत नाही. लोकांना कळतं."

पण लोकांना कळायच्या आधी त्यांच्या कानावर गेलं. दवाखान्यातली म्हातारी नर्स बुधवारी दुकानात आली आणि आईचं घड्याळ परत मागू लागली. "झालं नसलं दुरुस्त तरी चालेल गं. तसंच दे." ताईने उघडलेलं घड्याळ पुन्हा बंद केलं, मऊ कापडात गुंडाळून दिलं. नर्सने जाताना ते कानाला लावून पाहिलं, मग मागचं झाकणही उघडून पाहिलं. आतलं काही काढून तर घेतलं नाही ना, म्हणून. इतक्या वर्षांत या दुकानात असं कुणी केलं नव्हतं. ताई काचेमागे बसून राहिली. डोळ्यावरचं भिंग कधी ओलं झालं तिला कळलंच नाही.

त्याच दुपारी तिच्या मनात आलं, संशय मनगटाचा आहे ना? मग मनगटच काढून टाकू.

दुकानाच्या वरच्या फळीवर एका भिंतीवरच्या घड्याळाचं रिकामं लाकडी घर पडून होतं. आतली यंत्रं कधीच गेलेली, पुढची काच मात्र शाबूत. ताईने त्यात आतून लाकडाच्या तिरप्या पट्ट्या बसवल्या, एक या बाजूला उतरती, एक त्या बाजूला. पट्ट्यांना पितळी खिळे ठोकले. वर एक नरसाळं, त्याच्या तोंडाशी छोटं झाकण आणि झाकणाला बाहेर येणारी एक दांडी. नरसाळ्यात फासे ठेवायचे, हात मागे घ्यायचा आणि एका बोटाने दांडी दाबायची. झाकण खाली पडलं की फासे पट्टीवरून पट्टीवर, खिळ्याखिळ्याला आपटत, गटांगळ्या खात उतरत आणि खालच्या हिरवं लोकरी कापड लावलेल्या तबकात येऊन थांबत. सगळं काचेतून दिसे. कुणाचंही मनगट कितीही शहाणं असो, त्या पेटीत शिरल्यावर फाशांवर कुणाची सत्ता उरत नव्हती.

"ही पेटी म्हणजे तुमचा जामीनच," वहिनी म्हणाली.

"देवाचा हात म्हण," ताई म्हणाली. "त्यात माणसाचा नाही."

पुढच्या रविवारी तिने पेटी दालनात नेऊन मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. मास्तरांनी ती उघडली, आत बोटं घालून पाहिली, उलटी करून हलवली. शिंपी म्हणाला, "मास्तर, पार्सल फोडून झालं असेल तर खेळा आता." मास्तर हसले नाहीत. दोघांनी आपापले फासे काढले, आपापल्या पाळीला नरसाळ्यात ठेवून दांडी दाबली. टक, टकटक, टकाटक. दालनातली सगळी टेबलं ओस पडली, माणसं यांच्याभोवती गोळा झाली.

आणि ताई जिंकली. मोक्याच्या वेळी सहा, सहा पडले आणि तेही काचेआड, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मास्तरांनी पेटीची काच एकदा बोटाने वाजवून पाहिली. मग उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "ताई, माझं चुकलं. तुमचा हात स्वच्छ आहे. अण्णांबद्दल बोललो तेही मागे घेतो." मानी माणूस तो. ताईलाच लाज वाटली. तिने वर फोटोकडे पाहिलं. अण्णा नेहमीसारखे शांत हसत होते. तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी नर्स येऊन घड्याळ परत ठेवून गेली, पावती न मागता.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं!

पेटीची दांडी जरा अडकत होती म्हणून ताईने ती घरी आणली होती. दुपारचं जेवण झालं होतं. ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि वहिनी समोर टेबलाशी बसून पेटीशी खेळत होती. अण्णांचे फासे टाकायची, दांडी दाबायची, हसायची. टकाटक. पुन्हा टकाटक.

"वन्सं, तुमच्या अण्णांच्या फाशांना सहाचं भारी वेड हो."

"पडतात गं. नशीब असतं."

"नशीब एखाद्या वेळी. हे बघा, परत. आणि हे परत." वहिनी उठली, मुलांच्या जुन्या खेळातले प्लास्टिकचे फासे घेऊन आली. "आता हे टाकते. तीन, एक. दोन, पाच. चार, चार. हे बघा, हे कसे माणसासारखे पडतात. आता अण्णांचे. सहा, तीन. सहा, सहा. पाच, सहा."

ताई हसत होती, ती हसता हसता थांबली. इतकी वर्षं ती हे सहा आपल्या हाताचे समजत आली होती. आपला हात चांगला, आपला अभ्यास चांगला, आपल्यावर अण्णांचा आशीर्वाद. पण पेटीत हात नव्हता. हात तर तिने स्वतःच बाहेर काढला होता.

मग सहा कुणाचा?

तिने पुसायचं कापड खाली ठेवलं, फासे मुठीत घेतले आणि पायात चपला सरकवून निघाली. वहिनी मागून हाका मारत होती. "अहो, झालं काय? रागावलात का? मी थट्टा केली हो!"

दुकानात शिरून तिने दार लावून घेतलं. घड्याळातलं चाक समतोल आहे की नाही ते पाहायचा एक चिमटा असतो. त्याच्या दोन बारीक टोकांमधे चाक अलगद धरायचं आणि सोडून द्यायचं. समतोल असेल तर कसंही ठेवा, तसंच राहतं. एक बाजू जड असेल तर ती फिरून खाली येते. ताईने फासा उचलला आणि समोरासमोरचे दोन कोपरे त्या टोकांत धरले.

फासा हळूच फिरला. एकाच्या ठिपक्याची बाजू खाली गेली.

तिने बोटाने ती बाजू वर आणली. सोडली. फासा पुन्हा फिरला, झोपेत कूस बदलावी तसा. एक खाली, म्हणजे सहा वर. दुसरा फासा घेतला. तोही तसाच.

तिने भिंग लावलं. सगळे ठिपके झिजून करडे झाले होते. एकाचा ठिपका मात्र काळाभोर होता, किंचित निळसर चमक असलेला. ती चमक तिला ओळखीची होती. घड्याळाच्या तबकडीवरचे पुसट झालेले आकडे रंगवायला अण्णा स्वतः एक रोगण बनवत. तशी निळसर झाक दुसऱ्या कुणाच्या रोगणाला येत नसे. अण्णांनी तिला ते बनवायला शिकवलं होतं. बाटली अजून खणात होती.

तिने अणकुचीदार अवजाराने ठिपका खरवडला. खाली शिसं होतं. हाडात इतकं बारीक, इतकं गोल भोक पाडून त्यात शिशाचा कण बसवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. भोकाची कड आरशासारखी साफ होती. असं काम करणारा एकच हात तिने पाहिला होता.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, जणू ते समोर बसले होते. "अण्णा, हे काय हो?"

भिंतीवरची घड्याळं टिकटिकत राहिली. गिऱ्हाइकाचा झिजलेला खिळासुद्धा पुडीत बांधून परत करणारा माणूस. पावती न मागता लोक ज्याच्या हातात सोनं ठेवत, तो माणूस. "दुसऱ्या फाशांनी खेळू नकोस." तिने ते वाक्य आयुष्यभर उराशी धरलं होतं आणि आता त्याचा अर्थ तिच्यापुढे चिमट्यात लोंबत होता. खुर्चीच्या हातावरच्या खळग्यात तिचं कोपर होतं, ते तिने चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"देवा, हे दाखवायचं होतं तर अण्णा होते तेव्हा दाखवायचं होतंस. निदान विचारता आलं असतं."

वहिनी दार ठोठावत आली. ताईने तिला सगळं दाखवलं. वहिनी, जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, ती स्टुलावर बसली आणि तोंडाला पदर लावून नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, झाकून टाका. मास्तरांनी माफी मागितली, नर्सबाई परत आल्या. गेलेल्या माणसाला आता कशाला उघडं करायचं? नवे फासे घ्या आणि गप्प बसा. तुम्ही तर काही केलं नाही."

"मी जिंकले ना त्यांनी."

"तुम्हाला ठाऊक होतं का?"

"आता आहे."

वहिनीने उठून दाराची कडी लावली. ताईने दिवा जवळ ओढला आणि दोन्ही फाशांतले शिशाचे कण उकरून काढले. तिचा हात एकदाही हलला नाही, कारण त्या हातालाही अण्णांनीच शिकवलं होतं.

रविवारी ती दालनात गेली ती थेट मास्तरांच्या टेबलाशी. पेटी ठेवली. शेजारी कागदाची एक छोटी पुडी ठेवली.

"मास्तर, हे तुमचं."

"काय आहे?" मास्तरांनी पुडी उघडली, चष्मा वर केला. "हे काय? खसखस?"

"शिसं आहे. माझ्या फाशांतून निघालं. सहा वर यावा म्हणून भरलेलं. अण्णांनी भरलं होतं. त्यांचंच काम आहे, मी ओळखते."

शिंपी अर्धवट हसला, मग त्याचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हणालं, "काहीतरीच काय, ताई! अण्णा?" मास्तर मात्र पुडीतल्या त्या दोन कणांकडे बघत होते. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"एवढंसं?" ते म्हणाले.

"एवढंसं."

"माझे बाबा दर रविवारी इथून घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आईला म्हणायचे, मला डोकंच नाही गं, मी जन्माचा मठ्ठ. मग एक दिवस पट माळ्यावर टाकला. मला कधी शिकवला नाही त्यांनी. म्हणाले, माझ्या रक्तात नाही ते, तुझ्याही नसेल." मास्तरांनी बोटाच्या टोकावर एक कण उचलला. "मलाही ते मठ्ठच वाटायचे, ताई. मी त्यांना तसंच वागवलं. शेवटपर्यंत."

ताई उभीच होती. एकदम मास्तरांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"कशाला सांगितलंत? मी मोकळा झालो होतो. कुणाला कळलं नसतं."

"काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो. मला दुसरं काही येत नाही, मास्तर."

"मागच्या रविवारी या सगळ्यांसमोर मी तुमच्यापुढे हात जोडले."

"हो."

"ते परत द्या."

ताईने दोन्ही हात जोडले आणि त्यांच्यापुढे वाकली. आपल्यासाठी आणि अण्णांसाठीही. मास्तरांनी तोंड फिरवलं. त्यांनी "असू दे" म्हटलं नाही आणि ताईनेही ती अपेक्षा धरली नव्हती.

मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खिडकीजवळच्या खुर्चीमागे लावलं आणि वर चढली. फोटोचा खिळा गंजून घट्ट बसला होता. ती ओढू लागली तसं स्टूल डगमगलं. शिंपी आणि बाकीचे नुसते बघत होते. त्या फोटोला हात लावायचा कुणाला धीर होत नव्हता.

"हलतंय हे," ताई म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

कुणीतरी येऊन स्टुलाचे पाय घट्ट धरले. तिने खाली पाहिलं. मास्तर होते.

फोटो निघाला. मागे भिंतीवर फिकट चौकोन राहिला. ताईने फोटो खाली दिला आणि मास्तरांनी तो घेतला. काचेवर धूळ होती. सवयीने त्यांनी ती शर्टाच्या बाहीने पुसली. पुसता पुसता आपण कुणाचा चेहरा पुसतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा हात थांबला.

"हा कुठे ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

ताई स्टुलावरून उतरली. "इकडे द्या," ती म्हणाली. "माझे वडील आहेत ते."

तिने फोटो छातीशी धरला आणि दाराकडे निघाली. पेटी टेबलावरच राहिली, तबकात वहिनीने दिलेले मुलांचे प्लास्टिकचे फासे होते. ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा मागे आवाज आला. टक, टकटक, टकाटक. कुणीतरी दांडी दाबली होती.

"दोन आणि एक," मास्तर म्हणाले. "ताई, तुमची पाळी."

ताई दारातच थांबली. मग तिने फोटो भिंतीला टेकवून खाली ठेवला, खिडकीजवळची खुर्ची सोडून एक साधं बाकडं ओढलं आणि बसली.